एका खोक्यात दोन लग्नं

बदनापुरात माझ्या दारावर पाटी नाही, तरी गिऱ्हाइकं येतातच. कोणी मिक्सर घेऊन येतं, कोणी टीव्हीचा डबा. मागच्या गल्लीतले एक काका तर एकदा विहिरीवरची मोटर स्कूटरला बांधून घेऊन आले. "बाई कॉम्प्युटरात मोठ्या इंजिनेर हायेत, त्यांच्यापुढं मोटर काय चीज," असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी ती मोटर सुरू करून दिली. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर नुसता हात ठेवला. ती घाबरूनच सुरू झाली.

माझं खरं काम फाइल सिस्टिमचं. पुण्यातली एक कंपनी डेटा साठवायचे मोठाले खोके बनवते. त्या खोक्याच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो. आलेला माल डिस्कवर कुठं ठेवायचा, मागितला की कुठून काढायचा, पुसला की ती जागा कोणाला द्यायची, हे सगळं तो बघतो. तो कारभारी आम्ही चार-पाच जणांनी मिळून लिहिलेला. आधी मी पुण्यात बसून लिहीत होते, आता बरीच वर्षं इथं माडीवरच्या खोलीत बसून लिहिते. माझ्या हाताखालून इतका डेटा गेला आहे की तो ज्वारी असता तर जालन्याच्या मोंढ्यात पाय ठेवायला जागा उरली नसती आणि भाव असा पडला असता की शेतकऱ्यांनी मला गावातून हाकललं असतं.

ह्या धंद्याचं एकच दुखणं आहे. सगळं नीट चाललं की काहीच घडत नाही. डॉक्टरला पेशंट बरा झाला की पेढे मिळतात. माझ्या कोडमुळे कोणाची फाइल हरवली नाही म्हणून आजवर मला कोणी बत्तासासुद्धा दिलेला नाही.

नवा खोका बाजारात न्यायच्या आधी कंपनी तो कोणालातरी फुकट वापरायला देते आणि तो कसा मोडतो ते बघते. माझे पुण्याचे सहकारी सभ्य गिऱ्हाइकं शोधत, जिथं गार हवेची खोली आणि पांढरे मोजे असतात. मी शोधलेली गिऱ्हाइकं निराळी. जालन्यात बियाणांच्या एका गोदामात मी खोका ठेवला, तर ऊब मिळते म्हणून एका उंदरीनं त्यात बाळंतपण उरकलं. गोदामाचे मुनीम मला फोनवर म्हणाले, "मॅडम, सहा पिलं झाली, पण मशीन बंद न्हाई पडलं." हे वाक्य जाहिरातीत घाला असं मी कंपनीला कळवलं. त्यांनी ऐकलं नाही, त्यांचं नुकसान. दुसरा खोका सळयांच्या कारखान्यात होता. त्याच्यावर लोखंडाची इतकी धूळ बसली की परत आणताना तो चार माणसांना उचलेना, शेवटी क्रेन लावली.

पण ह्या सगळ्यांवर कडी केली ती अंबडच्या भानुदासनं.

भानुदास लग्नाची शूटिंग करतो. अंगानं काडी, पण कॅमेरे, ड्रोन, मोठाले पडदे असा त्याचा बारदाना एवढा की तो आला की गावाला वाटतं सर्कस आली. त्याचा ड्रोन एकदा नवरदेवाचा फेटा उचलून घेऊन गेला आणि पुढच्या गावातल्या नवरदेवाच्या डोक्यावर ठेवून आला, असं तो सांगतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवते, कारण माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा तो एकटाच आहे.

जालना-अंबड रस्त्यावर दोन मंगल कार्यालयं आहेत, मधे एकच भिंत. दाट तिथीच्या दिवशी दोन्हीकडं लग्न असतं, आणि दोन्हीकडं शूटिंग भानुदासचीच. भिंतीला भोक पाडून त्यानं तारा घेतल्या होत्या. दोन मांडव, दोन कॅमेरे, एक जनरेटर. हे बघून मला भरूनच आलं. खोक्याला अशी मारहाण कोणती प्रयोगशाळा करणार? मी आमचा नवा खोका त्याला दिला. दोन्ही लग्नं तो त्याच एका खोक्यात भरायला लागला.

उन्हाळ्यात एक दिवस त्याचा फोन आला.

"ताई, तुमच्या खोक्यानं नवरदेव बदलला."

"कोणाचा?"

"हसू नका ताई. पोरगी घरी पाठवून राह्यले ते."

हकिगत अशी होती. अंबडची अश्विनी, तिचं लग्न जांब समर्थच्या बाजूच्या एका गावातल्या गणेशशी झालं. मुलगा चांगला, घर चांगलं, सासरे किसनराव पाटील म्हणजे पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेला माणूस. लग्नाची फिल्म घरी आली, सगळे बघायला बसले. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, अश्विनीनं हार वर केला. तेवढ्यात एका पाहुण्यानं स्वतःचं तोंड दिसतंय का ते बघायला फिल्म थांबवली. पडद्यावर हाराच्या समोर गणेश नव्हता. दुसराच एक मुंडावळ्या बांधलेला नवरदेव होता. फिल्म एक चित्र पुढं सरकवली, गणेश परत आला. मागं घेतली, पुन्हा तो दुसरा. एरवी डोळा लवायच्या आत निघून गेलं असतं, पण आता अख्ख्या घरानं बघितलं होतं.

त्यात तो दुसरा परका असता तरी निभलं असतं. तो सचिन होता. हाच सचिन आदल्या वर्षी अश्विनीला बघायला आला होता आणि ती सोयरीक मोडली होती. नेमकं त्याच दिवशी भिंतीपलीकडच्या कार्यालयात त्याचं लग्न होतं.

आता किसनरावांचा हिशोब बघा. फिल्म काढणारा भानुदास अंबडचा, मुलीच्या बाजूनं ठरवलेला, लहानपणापासून तिच्या घरी येणारा-जाणारा. म्हणजे पोरीच्या मनात अजून तो पहिला आहे आणि तिनंच भानुदासला सांगून त्याचा फोटो आठवण म्हणून मधे घालून घेतला. अश्विनीच्या वडिलांना निरोप गेला होता: सोमवारी या, पोरीला घेऊन जा, परत कधी आणायची ते आम्ही कळवू. असा कळवायचा निरोप आमच्या भागात कधीच येत नाही, हे मी सांगायला नको.

"भानुदास, खरं सांग," मी म्हणाले. "कापाकापी करताना काही इकडचं तिकडं झालं का?"

"ताई, माझ्या लेकरांची शप्पथ. मी त्या जागेला हातच लावला न्हाई. आन लावला असता तर मी एवढा येडा हाये का, की पाटलाच्या घरात हे पाठवीन?"

मी पुण्याला आमच्या सरांना फोन केला. सर हुशार माणूस, पण फार पुणेकर. "आपल्या प्रयोगशाळेत असं कधीच झालेलं नाही," ते म्हणाले. "ग्राहकाची चूक असेल." मी म्हणाले, सर, आपल्या प्रयोगशाळेत लग्नंही झालेली नाहीत.

खोका मी घरी मागवला आणि दोन्ही लग्नं पहिल्या अक्षतेपासून बघायला बसले. आमच्या घरातली जेवणं तीन दिवस सनईवर झाली. नवरा म्हणाला, आपल्या लग्नात तू इतकं लक्ष दिलं नव्हतंस.

बघता बघता एक गोष्ट कानात खटकली. दोन्ही फिल्मांत मंगलाष्टकांच्या आधी एकच आवाज येत होता. एक पुढारी दोन्ही लग्नांना यायचे होते, रस्त्यात अडकले. दोन्ही मांडव त्यांच्यासाठी ताटकळलेले. शेवटी त्यांनी फोनवरून आशीर्वाद दिला, आणि भानुदासनं तो एकच फोन दोन्हीकडच्या स्पीकरला जोडला. साहेबांनी "आता होऊ द्या" म्हटलं आणि दोन्हीकडच्या गुरुजींनी एकाच दमात सुरुवात केली. मंगलाष्टकं एकदम सुरू, एकदम संपली. अंतरपाट दोन्हीकडं एकाच क्षणी निघाला. आणि भानुदासच्या दोन्ही कॅमेरावाल्यांनी, त्यांच्या पद्धतीप्रमाणे, त्याच क्षणी मंगलाष्टकांची फाइल बंद करून हार घालण्याची नवी फाइल सुरू केली.

इथं मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले.

आता थोडं धंद्याचं ऐका, लांबण लावत नाही. कॅमेऱ्याचा प्रोग्राम फाइल सुरू करताना डिस्कवर भरपूर जागा आधीच अडवून ठेवतो, आपण बसमध्ये रुमाल टाकतो तशी. फाइल बंद झाली की न लागलेली शेपटी छाटून टाकायची आणि ती जागा मोकळी करायची. ह्याला आमच्यात ट्रंकेट म्हणतात. त्याच वेळी दुसरा एक प्रोग्राम त्या अडवलेल्या जागेत अधूनमधून लग्नातली अख्खी चित्रं टाकत असतो, भानुदासला नंतर सापडायला सोपं जावं म्हणून. हा प्रोग्राम डिस्कला हात लावत नाही, मेमरीतच लिहितो. लिहायला गेला आणि हवी ती जागा मेमरीत हजर नसली की मशीन थबकतं आणि आमच्या कारभाऱ्याला हाक मारतं. ह्या हाकेला पेज फॉल्ट म्हणतात. नाव वाईट आहे, पण त्यात चूक कोणाचीच नसते, दिवसातून लाखो वेळा होतं. कारभारी बघतो की ही जागा फाइलच्या लांबीत बसते का. बसते. डिस्कवर ती कुठं आहे? अमुक ठिकाणी. मग तो जागा आणून हातात देतो, आणि लिहिलेलं पुढं सवडीनं डिस्कवर जातं.

गोम "बसते" म्हणणं आणि हातात देणं ह्या दोहोंच्या मधे आहे. ती फट इतकी बारीक की मुंगीनं मिशी हलवायच्या आत तशा हजारभर फटी येऊन जातात. त्या फटीत कोणी फाइलची शेपटी छाटली आणि मोकळी झालेली जागा दुसऱ्या फाइलला देऊन टाकली, तर? कारभाऱ्याच्या डोक्यात जुनंच असतं. तो सचिनच्या लग्नातलं चित्र त्या जुन्या ठिकाणी नेऊन ठेवतो, आणि तिथं आता अश्विनी राहायला आलेली असते.

प्रयोगशाळेत हे कधी झालं नाही, कारण दोघांनी एकाच क्षणी छाटायचं आणि त्याच क्षणी दोन नव्या फाइलींनी जागा मागायची, असं एरवी कोण करतो? त्यासाठी मुहूर्त लागतो.

सरांना हे नुसतं सांगून पटणार नव्हतं. मग मी कोडमध्ये त्या फटीत मुद्दाम एक डुलकी घातली. "बसते" म्हणायचं, जरा डोळे मिटायचे, मग हातात द्यायचं. भानुदासच्या दोन्ही कॅमेरावाल्यांना आमच्या गच्चीवर उभं केलं, एकासमोर तुळस, दुसऱ्यासमोर पाण्याची टाकी. मी खणखणीत आवाजात "शुभमंगल सावधान" म्हणायचं आणि त्यांनी बटण दाबायचं. पहिल्याच फेरीत तुळशीच्या लग्नात टाकी उभी राहिली. शेजारणीनं विचारलं, आज कोणाचं काय आहे? मी म्हणाले, सरांचं आहे.

दुरुस्ती म्हणाल तर एक कुलूप. छाटणीला आणि लिहिण्याला मिळून आमच्याकडं आधीपासून एक कुलूप होतंच, मी घाईत तेच फॉल्टलाही लावलं, आणि मशीन ठोंब्यासारखं उभं राहिलं. झालं असं की ज्यानं लिहिताना ते कुलूप घेतलं होतं त्यालाच वाटेत फॉल्ट आला, आणि तो स्वतःच्याच कुलपाची वाट बघत बसला. किल्ली कमरेला आणि माणूस दारात. मग निराळं कुलूप केलं. त्याचा नियम असा की फॉल्टवाले कितीही असोत, एकदम आत जाऊ शकतात, पण छाटणीवाला आत जाणार तो एकटा. आतले सगळे बाहेर पडेपर्यंत त्यानं थांबायचं, आणि तो बाहेर येईपर्यंत दुसऱ्या कोणी आत पाऊल टाकायचं नाही. आत गेलेल्या फॉल्टवाल्यानं लांबी नव्यानं बघायची, मघाच्या भरवशावर राहायचं नाही. छाटणीवाल्यानंही आधी लांबी कमी करायची, मग लोकांच्या हातातली जागा काढून घ्यायची, आणि सगळ्यात शेवटी ती दुसऱ्याला द्यायची. डुलकी तशीच ठेवून आम्ही गच्चीवर दिवसभर लग्नं लावली. माझा घसा बसला, पण टाकी टाकीच्या जागी राहिली आणि तुळस तुळशीच्या.

कोडमध्ये त्या ओळीवर मी एक टीप लिहिली: "एकाच मुहूर्तावर दोन लग्नं असतील असं धरून चालावं." सरांनी दुरुस्ती मान्य केली आणि टीप काढायला सांगितली. दुरुस्ती सगळ्या खोक्यांत गेली. टीपही गेली.

पण माझ्या कुलपानं पुढची लग्नं वाचली, अश्विनीचं झालेलं लग्न नाही. रविवारी मी आणि भानुदास जीपनं पाटलांच्या गावाला गेलो. वाटेत भानुदास तीनदा म्हणाला, "ताई, तुम्हीच बोला. माझं तोंड पाहिलं तरी पाटलाचा पारा चढतो."

बैठकीत किसनराव आणि भावकीतले पाच-सहा जण बसले होते. गणेश कोपऱ्यात, चटईची काडी उपसत. आतल्या दारात किसनरावांच्या बायको रुक्मिणबाई, आणि त्यांच्यामागं अश्विनी. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले तर चुलीजवळच्या भिंतीला भरलेली बॅग टेकवलेली होती.

"मॅडम," अश्विनी हळूच म्हणाली, "तुम्हाला एक सांगू का. तो मला बघायला आल्ता तेव्हा त्यानं पोह्यातले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढले. मी तवाच आईला न्हाई म्हणलं. ज्याला शेंगदाणा चालत न्हाई त्याचा फोटो मी कशाला घालून घेईन?"

मला हा पुरावा पुरेसा होता. बैठकीला पुरला नसता.

बाहेर येऊन मी सुरुवात केली. लांबी, मेमरी, डिस्क. किसनरावांनी हात वर केला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या हायेत, बराबर हाये. पण हे मशीनीचं आमाला काय कळतंय? मशीन कधी कोणाचा नवरा बदलती का? माणसंच बदलत्यात."

मी म्हणाले, "पाटील, पंगत तर कळते ना?"

"पंगत आमाला न्हाई कळणार तर कोणाला?"

"मग पत्रावळी मागवा. आणि वरण, थोडी बुंदी."

रुक्मिणबाईंनी वरणाची बादली भरून दिली. मी भानुदासला वाढपी केलं, गणेशला पत्रावळी उचलायला उभं केलं. भावकीतल्या एकाला पानावर बसवलं. भानुदासला सांगितलं, "पत्रावळ मांडलेली आहे का बघ. आहे? आता बादली आणायला आत जा. परत आलास की इकडंतिकडं बघायचं नाही, जिथं मघाशी पत्रावळ बघितली तिथं थेट वाढायचं." तो आत गेला. मी गणेशला म्हणाले, पंगत उठली, उचल पत्रावळ. त्यानं उचलली, भावकीवाला उठला. "पाटील, जागा मोकळी झाली, तुम्ही या इथं. तुमची पत्रावळ नवी, तुम्हाला नुसती बुंदी वाढलेली आहे." पाटील बसले. त्यांना बसवण्यात माझा काही वाईट हेतू नव्हता, असं मी म्हणणार नाही. भानुदास बादली घेऊन बाहेर आला, आणि आज्ञाधारकपणे वरणाचं वगराळं पाटलांच्या बुंदीवर ओतलं. निम्मं धोतरावर गेलं.

"आरं ए, डोळे फुटले का तुझे," पाटील म्हणाले.

"नाही पाटील," मी म्हणाले. "वाढप्यानं पत्रावळ बघितली होती, खोटं नाही. उचलणाऱ्यानं पंगत उठल्यावरच उचलली, त्याचंही चुकलं नाही. तुम्ही मोकळ्या जागेवर बसलात. सगळे बरोबर, तरी वरण बुंदीवर. तुमच्या घरच्या लग्नाच्या फिल्ममध्ये हेच झालंय. बुंदी अश्विनीची, वरण शेजारच्या मांडवातलं."

भावकीतला एक म्हातारा माणूस हसला.

"मंग आपल्या पंगतीत असं का होत न्हाई?" त्यानंच विचारलं.

"कारण तुमच्याकडं कोणीतरी मोठा माणूस दारात उभा राहून सांगतो, पंगत उठतेय, वाढपी आतच थांबा. वाढपी बाहेर असतील तर त्यांचं होईपर्यंत पत्रावळ कोणी उचलत नाही. आणि पुन्हा बाहेर आलेला वाढपी नव्यानं बघूनच वाढतो. आमच्या मशीनमध्ये तो दारातला माणूस नव्हता. मी परवाच बसवला."

बैठक जरा सैल झाली. मला वाटलं, जिंकलं. पण किसनराव धोतर पिळत म्हणाले, "कसं झालं ते कळलं. पण हाच का? जिल्ह्यात एवढी पोरं, एवढे नवरदेव. वरण सांडायचं होतं तर नेमकं ह्याचंच का सांडलं?"

प्रश्न चोख होता. पुण्यात मला इतका चोख प्रश्न कोणी विचारला नव्हता. "कारण खोक्यात दुसरं लग्नच नव्हतं, पाटील," मी म्हणाले. "दोनच मांडव होते. इकडं सांडणार तर तिकडचंच सांडणार. तिकडं दुसरा कोणी बोहल्यावर असता तर तो सांडला असता."

"हे तुम्ही म्हणता."

गणेशनं बापापुढं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "दादा, मला पटतंय."

"तुला आदुगर पटायला पाहिजे होतं, आता गप बस," असं दारातून आलं. ते रुक्मिणबाई बोलल्या. मग त्या उंबऱ्याच्या अलीकडं आल्या. "मॅडम, मला एक सांगा. त्यांचं आपल्यात सांडलं. मंग आपलं काही त्यांच्यात सांडलं असल का?"

ह्याच प्रश्नाची मी सकाळपासून वाट बघत होते. मी स्वतःहून दाखवलं असतं तर ती माझी आगाऊगिरी झाली असती. मी भानुदासला लॅपटॉप उघडायला सांगितला. "सांडलंय बाई. खोका दोन्हीकडं सारखाच वागला."

सचिनच्या लग्नाची फिल्म लागली. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला. तिकडच्या नवरीनं लाजत हार वर केला. भानुदासनं एकेक चित्र पुढं सरकवलं. नवरी. नवरी. आणि मग हार घ्यायला ऐटीत मान पुढं केलेले, फेटा तिरपा झालेले, मिशीत हसणारे साक्षात किसनराव पाटील. हातात अक्षता, नजर थेट समोर. पुढचं चित्र, पुन्हा नवरी.

भावकीतले सगळे लॅपटॉपवर वाकले. बाहेर गोठ्यात म्हैस हंबरली.

"परत दाखव," रुक्मिणबाई म्हणाल्या.

भानुदासनं परत दाखवलं. नवरी, पाटील, नवरी.

"ही कोणाची म्हणं?"

"तिकडची नवरी, काकू."

"आन हे तिच्यापुढं मान वाकवून काय करून राह्यले?"

किसनरावांचा चेहरा त्या वरणाच्या रंगाचा झाला. "अगं मी कुठं तिकडं गेल्तो? मी आपल्याच मांडवात होतो. अक्षदा टाकून राह्यलो होतो. सगळ्यांनी बघितलंय मला."

तेव्हा उंबऱ्याच्या आतून अश्विनीचा आवाज आला, अगदी शांत.

"मामा, मीबी आपल्याच मांडवात होते."

मी धंद्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली, जाडजूड पुस्तकं वाचली. पण इतक्या थोडक्यात बिनतोड बोललेलं मी ऐकलेलं नाही. किसनरावांनी सुनेकडं बघितलं, मग लॅपटॉपकडं, मग परत सुनेकडं. भावकीतला तो म्हातारा दुसरीकडं तोंड करून उपरण्यात खोकायला लागला. ते खोकणं मला बिलकुल खरं वाटलं नाही.

"गणेश," किसनराव शेवटी म्हणाले, "तिच्या बापाला फोन लाव. म्हणावं, सोमवारी या, पण जेवायला या. पोरगी इथंच हाये."

"बॅग कोण आत ठेवील?" रुक्मिणबाईंनी विचारलं.

गणेश उठत होता. पाटलांनी त्याला हातानं थांबवलं, ओल्या धोतरानं स्वतः आत गेले, आणि बॅग उचलून सुनेच्या खोलीत ठेवून आले.

निघताना भानुदास जरा धीट झाला. दोन्ही फिल्मांतली चुकीची चित्रं मी फुकट काढून देतो, म्हणाला. सचिनचं काढायला कोणाचीच हरकत नव्हती. पाटलांच्या चित्राची गोष्ट निघाली तेव्हा रुक्मिणबाईंनी पदराआडून स्वतःचा मोबाइल काढून भानुदासच्या हातात दिला.

"तिकडच्यांचं तू काढ," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या आदुगर तेवढा तुकडा ह्याच्यात टाकून दे. आन कसा लावायचा ते मला न्हाई, अश्विनीला शिकव."